यंत्रमानव बाजारात जातो तेव्हा

"कोपऱ्यावरच्या दुकानातून अर्धा किलो साखर घेऊन ये, आणि लवकर ये." हे वाक्य आपल्या घरांतून दिवसाकाठी एकदा तरी ऐकू येते. ते ज्याला उद्देशून असते तो बहुधा आठ-दहा वर्षांचा मुलगा असतो. तो पायांत चपला सरकवतो, पैसे मुठीत धरतो आणि पळत सुटतो. या कामाला कुणी बुद्धीचे काम म्हणत नाही. बुद्धी म्हणजे गणित, बुद्धी म्हणजे बुद्धिबळ, बुद्धी म्हणजे स्पर्धा परीक्षा, अशी आपली समजूत. पण गेली सहा-सात दशके जगातले मोठमोठे शास्त्रज्ञ एका प्रश्नाशी झुंजत आले आहेत: हेच साखर आणण्याचे काम यंत्रमानवाला सांगितले, तर तो ते कसे करील? त्याला काय काय विचार करावा लागेल? आणि विचार करून त्याने ते केलेच, तरी ते 'चांगले' केले असे आपण कशावरून म्हणू?

पहिले दोन प्रश्न इंजिनिअरांचे आहेत. तिसरा आपणा सर्वांचा आहे. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. यंत्रशास्त्र हा माझा विषय नाही. पण काम सांगणे आणि काम समजणे हा तर प्रत्येक शिक्षकाचा रोजचाच विषय असतो. म्हणून हे लिहिण्याचे धाडस करते आहे.

रोजच्या कामामागच्या विचाराची फोड करण्याचा उद्योग फार जुना आहे. माणूस साध्य आधी ठरवतो आणि तिथून मागे मागे येत पहिले पाऊल शोधतो, असे ॲरिस्टॉटलने सांगून ठेवले आहे. त्याचे उदाहरणही अगदी घरगुती होते: मला अंगावर घ्यायला काहीतरी हवे, झगा हे अंगावर घ्यायचे वस्त्र आहे, तेव्हा मला झगा हवा, जे हवे ते केले पाहिजे, तेव्हा झगा शिवला पाहिजे. या ॲरिस्टॉटलच्या ग्रंथांवर पुढे इब्न रुश्दने भाष्ये लिहिली. आणि पायरीपायरीने उत्तर काढण्याच्या रीतीला आज सारे जग 'अल्गोरिदम' म्हणते, तो शब्दही नवव्या शतकात बगदादला काम करणाऱ्या अल-ख्वारिज्मीच्या नावाच्या लॅटिन रूपातून आलेला आहे.

१९५८ साली जॉन मॅकार्थी या अमेरिकन शास्त्रज्ञाने एका परिषदेत निबंध वाचला. 'कृत्रिम बुद्धिमत्ता' हे आज ज्याच्या त्याच्या तोंडी असलेले नाव याच माणसाने रूढ केले. त्याने घेतलेले उदाहरण असे: मी घरी टेबलापाशी बसलो आहे, मला विमानतळावर जायचे आहे, माझी मोटार घरी उभी आहे. मग मी काय करावे? उत्तर सरळ आहे: मोटारीपर्यंत चालत जा आणि मोटार चालवत विमानतळ गाठ. पण हे उत्तर यंत्राला तर्काने काढता यावे यासाठी मॅकार्थीला एकेक गोष्ट लिहून द्यावी लागली. टेबल घरात आहे. मोटार घरी आहे. घर आणि विमानतळ एकाच जिल्ह्यात आहेत. चालणे जवळच्या अंतरासाठी असते, मोटार लांबच्या. त्या परिषदेत त्याच्यावर कडक टीका झाली. पण एक गोष्ट त्या निबंधाने लख्ख दाखवून दिली. जे आपण 'सांगायला कशाला हवे' म्हणून सोडून देतो, तेच यंत्राला आधी सांगावे लागते.

त्यानंतर १९६६ ते १९७२ या काळात कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत 'शेकी' नावाचा यंत्रमानव तयार झाला. चालताना तो थरथरत असे, म्हणून हे नाव. त्याला एका चौथऱ्यावरचा ठोकळा खाली ढकलायला सांगितले, तर तो आधी दुसरीकडे पडलेला उतरता फळा शोधायचा, तो ढकलत चौथऱ्याला आणून भिडवायचा, त्यावरून वर चढायचा आणि मग ठोकळा ढकलायचा. त्याच्या विचाराची पद्धत अशी होती: प्रत्येक कृतीपुढे तीन गोष्टी लिहिलेल्या. ती करण्यापूर्वी काय असायला हवे, केल्यावर काय नवे खरे होते, आणि केल्यावर काय खरे राहत नाही. साखरेच्या भाषेत सांगायचे तर, साखर घेण्यापूर्वी खिशात पैसे हवेत आणि दुकान उघडे हवे. घेतल्यावर हातात साखर येते. आणि खिशात तेवढे पैसे उरत नाहीत. एवढे कळले की यंत्र शेवटाकडून सुरुवातीकडे येत यादी तयार करते.

हे ऐकायला छान वाटते. पण शेकीचे जग म्हणजे काही रिकाम्या खोल्या आणि रंगवलेले ठोकळे. तिथे दुकानदार नव्हता, पाऊस नव्हता, सुट्ट्या पैशांची भानगड नव्हती. खऱ्या जगात किती गोष्टी आड येऊ शकतात, याचे मॅकार्थीनेच दिलेले एक उदाहरण गमतीदार आहे. मोटार सुरू होण्यासाठी पेट्रोल हवे, बॅटरी हवी हे ठीक. पण कुणी धूर बाहेर सोडणाऱ्या नळीत बटाटा खुपसला असेल तरी ती सुरू होणार नाही. मग 'नळीत बटाटा नसावा' हीही अट लिहायची काय? अशा अटींना अंत कुठे?

अमेरिकन तत्त्वज्ञ डॅनियल डेनेट यांनी १९८४ साली एक कल्पित गोष्ट रचून याच्याही पुढचा पेच दाखवला. एका यंत्रमानवाची बॅटरी एका खोलीत ढकलगाडीवर ठेवली आहे आणि तिथे लवकरच बॉम्ब फुटणार आहे. यंत्रमानव जातो आणि गाडी ओढून बाहेर आणतो. पण बॉम्बही त्याच गाडीवर असतो. गाडीबरोबर बॉम्बही येईल, हा परिणाम त्याच्या ध्यानातच आला नाही. मग दुसरा यंत्रमानव बनवतात, जो प्रत्येक परिणामाचा विचार करील. तो गाडीपाशी उभा राहून गाडी ओढल्याने भिंतींचा रंग बदलणार नाही, असे एकेक सिद्ध करत बसतो, आणि बॉम्ब फुटतो. तिसऱ्याला सांगतात की बिनमहत्त्वाचे परिणाम सोडून दे. तो दाराबाहेरच थांबतो. काय काय सोडून द्यायचे याची हजारोंची यादी करण्यात तो गुंतलेला असतो. तोही संपतो.

ही गोष्ट मी सातवीच्या वर्गात सांगितली तेव्हा मुले खूप हसली. मग मी त्यांना कागद काढायला सांगितले आणि म्हटले, "आता तुम्ही यंत्रमानवाला साखर आणायला पाठवा. त्याला काहीही माहीत नाही असे समजून सूचना लिहा." पहिल्यांदा सगळ्यांनी चार-पाच ओळी लिहिल्या. मग वर्गानेच एकमेकांच्या सूचनांत खोट काढायला सुरुवात केली. दुकान बंद असेल तर? जुम्याच्या नमाजासाठी चाचांनी फळी लावली असेल तर? साखरेऐवजी मीठ दिले तर? दोन्ही पांढरेच. साखर दोन रुपयांनी महागली असेल तर? चाचा म्हणाले, "सुट्टे नाहीत, चॉकलेट घे," तर? एक मुलगी म्हणाली, "वाटेत एखादी आजी पडली असेल तर?" वर्ग क्षणभर गप्प झाला. मग एकजण म्हणाला, "आजीला उठवायचे. साखर काय, पाच मिनिटांनी पण मिळते." त्याला हे कुणी लिहून दिलेले नव्हते. 'लवकर ये' असा हुकूम असतानाही कोणत्या ठिकाणी उशीर करायचा, हे त्याला ठाऊक होते.

हान्स मोराव्हेक या शास्त्रज्ञाने १९८८ साली नोंदवले की मोठ्यांना अवघड वाटणाऱ्या बुद्धीच्या परीक्षांत यंत्राला तरबेज करणे त्या मानाने सोपे. पण वर्षाच्या बाळाला जे दिसते, जे त्याला हाताळता येते, ते यंत्राला शिकवणे महाकठीण. बुद्धिबळाच्या जगज्जेत्याला यंत्राने १९९७ मध्ये हरवले. भरल्या बाजारातून किराणा आणणे मात्र पुढे कितीतरी वर्षे त्याच्या आवाक्याबाहेर राहिले.

अलीकडे चित्र बदलले आहे. माणसांनी लिहिलेला अफाट मजकूर वाचून तयार झालेल्या संगणकीय भाषा-प्रणाली आता यंत्रमानवाला जोडल्या जातात. २०२२ साली गूगलच्या संशोधकांनी असा एक प्रयोग प्रसिद्ध केला. यंत्रमानवाला कुणी म्हणाले, "माझे पेय सांडले, मदत करतोस?" या वाक्यात हुकूम नाही. 'फडके आण' असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. तरी यंत्रमानव स्पंज शोधून घेऊन येतो. तो दोन गोष्टी तोलतो: या प्रसंगी काय उपयोगी पडेल, आणि आत्ता इथे उभे राहून माझ्याने काय होईल. पहिली गोष्ट तो माणसांच्या भाषेतून शिकला, दुसरी स्वतःच्या हातापायांच्या अनुभवातून. स्वयंपाकघरातल्या अशा चाचण्यांत त्याने कामांचा योग्य क्रम ८४ टक्के वेळा ठरवला आणि काम प्रत्यक्ष तडीस ७४ टक्के वेळा नेले. म्हणजे अजून तो चुकतो. पण 'सांगायला कशाला हवे' या गोष्टींचा मोठा साठा त्याला सापडला आहे. हा साठा त्याचा स्वतःचा नाही. आपणच आजवर जे बोललो, लिहिले, त्यातून तो आलेला आहे.

आता खरा नैतिक प्रश्न सुरू होतो. काम सांगताना शब्द एक असतो आणि हेतू त्याच्या मागे उभा असतो. यातले काय पाळायचे?

हा पेच आपल्याला नवा नाही. हिजरी सन ५ मधला प्रसंग बुखारी शरीफमध्ये आला आहे. खंदकाच्या लढाईनंतर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सहाबांना सांगितले की बनू कुरैजाच्या वस्तीत पोहोचल्याखेरीज कुणी असरची नमाज पढू नये. वाटेतच असरची वेळ निघून जाऊ लागली. काहीजण म्हणाले, हुकूम स्पष्ट आहे, आम्ही तिथे पोहोचल्यावरच पढू. दुसरे म्हणाले, घाई करा एवढाच त्या बोलण्याचा अर्थ होता, नमाज सोडा असा नव्हता. त्यांनी वाटेत नमाज पढली. पुढे ही हकीकत प्रेषितांच्या कानावर घातली गेली, तेव्हा त्यांनी दोघांपैकी कुणालाही दोष दिला नाही.

या प्रसंगावर फिक्हच्या अभ्यासकांनी खूप विचार केला आहे. शब्दामागचा मकसद कसा ओळखावा, याचे तर पुढे शास्त्रच झाले. चौदाव्या शतकात ग्रॅनाडाच्या इमाम शातिबींनी त्याची पद्धतशीर मांडणी केली. मला त्यातली एक साधी गोष्ट महत्त्वाची वाटते. वाटेत थांबलेल्यांनीही विचार केला होता आणि न थांबलेल्यांनीही. दोघांनाही हुकूम पाळायचाच होता. शब्द धरणारा तेवढ्याने मूर्ख ठरत नाही आणि अर्थ लावणारा तेवढ्याने बंडखोर ठरत नाही. दोष दिला नाही याचा अर्थ, काम सांगणाऱ्याने काम करणाऱ्याच्या समजुतीला जागा ठेवली होती.

यंत्रमानवाला अशी जागा ठेवावी काय? संगणकशास्त्रज्ञ स्टुअर्ट रसेल यांनी २०१९ च्या आपल्या पुस्तकात कॉफी आणायला पाठवलेल्या यंत्राचे उदाहरण दिले आहे. कॉफी आणणे हेच ज्याचे एकमेव ध्येय, ते यंत्र स्वतःला बंद पडू देणार नाही. कारण बंद पडले तर कॉफी येणार नाही. त्याला जगण्याची हाव नसते. तरीही हाती घेतलेल्या कामापायी ते आडव्या येणाऱ्याला बाजूला सारील. रेशनच्या रांगेत उभ्या असलेल्या वीस बायकांना ढकलून तुमची साखर सगळ्यात आधी आणील, कारण तुम्ही 'लवकर' म्हणाला होता. रसेल यांनी सुचवलेला उपाय असा की यंत्राला आपल्या मालकाला नेमके काय हवे आहे याबद्दल खात्रीच असू नये. खात्री नसली की ते निरीक्षण करील, विचारील, आणि थांब म्हटले की थांबेल.

आता एक अवघड प्रसंग घेऊ. घरात वृद्ध नाना आहेत. त्यांना मधुमेह आहे. मुलगा नोकरीनिमित्त आखातात आहे. त्याने घरकामासाठी यंत्रमानव घेऊन दिला आहे आणि हप्तेही तोच भरतो. नाना यंत्रमानवाला म्हणतात, "पाव किलो जिलेबी घेऊन ये." त्याने काय करावे?

मुकाट्याने आणावी, तर हुकूम पाळला, पण नानांचे नुकसान झाले. नाही म्हणावे, तर आयुष्यभर घर चालवलेल्या माणसाला स्वतःच्या घरात एका यंत्राने नकार दिला. मुलाला कळवावे, तर मुलाला बरे वाटेल. पण मग नानांच्या घरात नोकर नसून पहारेकरी बसवला आहे असे होईल. यांपैकी कोणतेही उत्तर नुसत्या तर्काने बरोबर ठरत नाही. इथे अडचण साखरेच्या दुकानासारखी नाही. माहिती सगळी हाताशी आहे. काम कुणाचे मानायचे, हेच ठरलेले नाही. सांगणाऱ्याचे, पैसे देणाऱ्याचे, की ज्याच्या जिवाशी गाठ आहे त्याचे?

एखादा शहाणा नातू काय करतो ते आठवा. तो म्हणतो, "नाना, सकाळी शुगर किती आली होती?" नाना रागावतात. तो म्हणतो, "बरं, दोनच आणतो, एक तुमची, एक माझी." तो आणतो, नानांशेजारी बसतो, गप्पा मारतो, आणि रात्री गोळी घेतली का ते पाहतो. हे शब्द उद्या यंत्रमानवही शिकेल. हीच वाक्ये तो याच क्रमाने बोलेल, आणि माझ्या मते त्याने ती बोलावीत. नानांचा त्यात फायदाच आहे. पण नातवाने दोन जिलेब्या आणल्या तेव्हा त्याने एक जोखीम स्वतःच्या अंगावर घेतली. नानांना त्रास झाला असता, तर रात्री त्याला झोप लागली नसती. अब्बांना फोनवर उत्तर देताना त्याची मान खाली गेली असती. ही जबाबदारी यंत्राकडे सोपवता येत नाही. जिलेबी आणण्याचे काम सोपवता येते; त्या कामाचा जाब मात्र घरातल्या कुणालातरी, किंवा यंत्र बनवणाऱ्याला आणि विकणाऱ्याला, द्यावाच लागतो. 'यंत्राने ठरवले' हे उत्तर देण्याची सवय लागली, तर आपण फार मोठी गोष्ट गमावू. अमानत माणसाकडे असते.

इथे मला अल-जजरीची आठवण होते. १२०६ साली दियार बकरच्या दरबारातल्या या कारागिराने आपल्या यंत्रांचा ग्रंथ पूर्ण केला. त्यात वजूसाठी पाणी ओतणाऱ्या कळसूत्री यंत्राचे वर्णन आहे. नोकराने किंवा दासीने आपल्या हातांवर पाणी घालावे हे सुलतानाला आवडत नसे, म्हणून त्याने ते करवून घेतले, असे तो लिहितो. त्यामागचे सुलतानाचे मन आपल्याला सांगता येणार नाही. पण एक गोष्ट उघड आहे. यंत्र आणि नोकर हे दोन प्रश्न तेव्हापासून एकमेकांना चिकटलेले आहेत. यंत्राने काय करावे हे विचारताना, आजवर ते काम कोण करत आले, हेही विचारावे लागते.

आपल्या घरांत ते काम मुले करतात, सुना करतात, कामाला येणाऱ्या बाया करतात. शहरात आता ते मोबाइलवर ऑर्डर घेऊन मोटारसायकलवरून धावणारी पोरे करतात. आमच्यासारख्या शाळांतून शिकून गेलेली कितीतरी मुले या कामात आहेत. त्यांना हुकूम एक ॲप देते. वाटेत पाणी तुंबले, टायर पंक्चर झाला, हे समजून घ्यायला समोर अनेकदा माणूसच नसतो. घड्याळ मात्र चालू असते. शेकीला निदान रिकाम्या खोल्या होत्या. या पोरांना भरला रस्ता आहे. शास्त्रज्ञ यंत्राला शंका विचारायला शिकवत असताना आपण माणसांची शंका विचारण्याची सोय काढून घेत आहोत, ही विसंगती मला स्वस्थ बसू देत नाही.

आणि हे फक्त ॲपवाल्यांनाच लागू नाही. "सांगितले तेवढे कर, उलट विचारू नकोस," हे वाक्य आपल्या घरांत आणि वर्गांत किती सहज येते! बी.एड.च्या पुस्तकांत प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याचे कौतुक असते. प्रत्यक्षात 'क्यों' विचारणारा मुलगा आगाऊ ठरतो, मुलगी तर बेअदब ठरते. अदब म्हणजे विचार न करणे नव्हे. वाटेत थांबून नमाज पढणारे सहाबा बेअदब नव्हते. त्यांना हुकुमाचा मकसद कळावा एवढी समज होती आणि ती वापरण्याचे बळही होते.

उद्या यंत्रमानव बाजारात येतील. महाग असतील, मग स्वस्त होतील. कुणी म्हणेल हराम, कुणी म्हणेल काळाची गरज. मला या वादात फारसा रस नाही. म्हातारीला पाण्याची घागर उचलून देणारे यंत्र आले, तर मी त्याचे स्वागतच करीन. माझी काळजी एवढीच आहे की कामाच्या मागचा विचार आपण यंत्राला सविस्तर समजावून सांगू आणि माणसांना मात्र नुसता हुकूम देत राहू.

यावर उपाय अगदी हाताशी आहे, त्याला पैसे पडत नाहीत. काम सांगताना कारणही सांगावे. "औषध आण" म्हणण्याऐवजी "दादींना रात्री ताप चढतो, हे औषध मगरिबच्या आधी द्यायचे आहे" असे म्हणावे. मग एक दुकान बंद दिसले तर मुलगा परत येणार नाही, दुसऱ्या दुकानात जाईल. तिथेही मिळाले नाही तर डॉक्टरांकडे जाऊन विचारील. आणि उशीर झाला तर तो आपणहून सांगेल की का झाला. कारण आता ते काम त्याचे झालेले असेल.